सोबतच्या सामानाचे वजन

ठिणगीची दाढ किडली होती आणि ती भरणे भाग होते. ठिणगीचे वय चार. दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायचे नाही, हा तिचा निर्णय पक्का होता, आणि ठणक्यापायी आठवडाभर तिने घर डोक्यावर घेतले होते. अशा बालरुग्णांच्या नाकात गुंगीच्या औषधाचा फवारा मारावा आणि मूल पेंगले की काम उरकावे, अशी रुग्णालयाची सोय होती. सुई नाही, झोंबाझोंबी नाही. फवारा किती, हे मात्र वजनावर ठरे.

ठिणगी आईच्या कडेवरून उतरायला तयार नव्हती.

"तिला घेऊनच काट्यावर उभ्या राहा, ताई," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं वजन वजा करू. किती आहे तुमचं?"

"पंचावन्न," आई म्हणाली.

हा आकडा तिला लग्नापासून पाठ होता. नऊ वर्षांत घर वाढले, जबाबदाऱ्या वाढल्या. आकडा मात्र जागचा हलला नव्हता. तिने रजिस्टरात सही केली. काट्याने चौऱ्याऐंशी दाखवले. त्यातून पंचावन्न गेले, एकोणतीस उरले.

संगणकाने हरकत घेतली. वय चार आणि वजन एकोणतीस असल्यामुळे ठिणगीला नियमानुसार लठ्ठपणाच्या समुपदेशकाकडे धाडण्यात आले. त्याने समोरच्या काडीपैलवान मुलीकडे पाहिले, मग कागदाकडे पाहिले आणि कागदावर विश्वास ठेवला.

"रोज किती खाते?"

"हातापाया पडल्यावर दोन घास."

"सगळे पालक असंच सांगतात," म्हणत त्याने दोनाचा दीड घास केला आणि शिक्का मारला.

ठिणगीचे वडील बाकावर बसून हे सारे पाहत होते. वजाबाकी त्यांनाही येत होती. पण त्यांना संसारही करायचा होता.

शिक्का मिळताच सिस्टरांनी पिचकारीत एकोणतीस किलोंचे औषध भरले. आईने ती भरताना पाहिली. दुपटीहून जास्त औषध त्या एवढ्याशा नाकात जाणार होते, तेही तिच्या एका आकड्यापायी. बाकांवर वीसेक माणसे होती. त्यांत शेजारच्या वहिनी होत्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळणार होते.

"थांबा, सिस्टर," ती म्हणाली. "माझं वजन साडेसत्तर आहे."

नवऱ्याने छताच्या पंख्याची पाहणी सुरू केली.

"आता बदलता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "सही झालीय तुमची. तासाभरात साडेपंधरा किलो वाढले असं लिहिलं, तर तुम्हालाच भरती करावं लागेल."

"मग करा मला भरती. पण ती पिचकारी हिच्या नाकाला लावू देणार नाही मी."

या वादावादीत ठिणगी कडेवरून कधी घसरली, कुणाच्या लक्षात आले नाही. काट्यावरचे लाल आकडे लुकलुकतात कसे, हे बघायला ती स्वतःच वर चढली. काट्याने साडेतेरा दाखवले.

सिस्टरांनी पिचकारी रिकामी करून साडेतेरा किलोंपुरती भरली. फवारा बसताच ठिणगी शिंकली, आईवर रागावली आणि पंधरा मिनिटांत तिच्याच खांद्यावर पेंगली. दाढ भरून झाली. आईला भरून आले.

रजिस्टर मात्र जुळेना. पंचावन्न आणि साडेतेरा मिळून साडेअडुसष्ट, आणि काटा म्हणत होता चौऱ्याऐंशी. मधले साडेपंधरा किलो कुठले?

"त्याला रकाना आहे," म्हणत सिस्टरांनी 'सोबतचे सामान' याखाली लिहिले: पर्स, साडेपंधरा किलो.

आईने वरच्या ओळी वाचल्या. एका बाईंची पर्स बारा किलोंची होती. एका गृहस्थांचा मोबाइल अठरा किलोंचा. एका आजोबांचा नुसता चष्माच नऊ किलो भरला होता.

"पिचकारी भरलेली दिसली की सगळ्यांना खरं वजन आठवतं," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून मी ती आधी भरते."

"दे ती पर्स इकडे," दारात नवरा म्हणाला. "एवढं ओझं एकटीने किती उचलशील?"

वाचकांचे हसून झाले असेल, तर त्यांनी आता आपापले वजन मनातल्या मनात सांगावे. पटकन आठवला तो आकडा नव्हे. त्याच्या नंतर आठवला, तो.