मौनाचा घास

"घास कुणाच्याही घशात अडको, मी जवळ असलो की माणूस दगावणार नाही!"

जळगावच्या कापूस गिरणीत प्रथमोपचाराचे धडे घेतल्यापासून गिरधरच्या तोंडी हेच वाक्य होतं. श्रावणात बायकोला, तानुबाईला, आणायला तो चाळीसगावजवळ सासुरवाडीला निघाला, तेव्हा आगगाडीच्या सगळ्या डब्याला त्याने ते ऐकवलं. एकच कुतूहल त्याला गप्प बसू देत नव्हतं. खरोखर कुणाचा घास अडकला तर?

संध्याकाळी तो सासऱ्यांच्या, हिलाल आबांच्या, शेजारी जेवायला बसला. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा होता. दुसऱ्याच घासाला आबा लालेलाल झाले, डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गळ्याकडे बोट केलं.

"आबा, बोलता येतं का?"

आबांनी नकारार्थी मान हलवली.

बोलता येत नाही म्हणजे घास अडकलाच! गिरधरने त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीत असे गुद्दे हाणले, की तांब्या उलटला.

"मारी टाकस का मले?" आबा ओरडले.

मग सासूबाईंनी हळूच सांगितलं, की आबांचं श्रावणभर जेवताना मौन असतं. ठेचा तिखट लागला म्हणून ते पाणी मागत होते. मध्येच बोललं की पान सोडून उठायचं, असा नेम. आबा उपाशीच उठले.

"आंडेरले आते धाडाव नही," दारातून ते म्हणाले. मुलगी आता माहेरीच राहणार होती.

बायकोशिवाय कोणत्या तोंडाने परत जायचं? सासऱ्यांची मर्जी राखायला दुसऱ्या दिवशी दुपारी गिरधरनेही मौन धरलं. आबा खूश दिसले. गिरधरने भाकरीचा मोठा घास घेतला आणि तोच घशात बसला. त्याने गळ्याकडे बोट केलं, हातवारे केले. आबांनी प्रेमाने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"जावईबी कसा नेम पाळस," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

चुलीपुढची तानुबाई मात्र धावत आली. "नेम कसाना? ह्या इतला येळ गप बसतस का कधी? घास अडकेल शे!"

तिने नवऱ्याच्या पाठीत गुद्दे घातले. घास सुटला तो थेट आबांच्या ताटात.

"लई जा रे बाप्पा, आजच लई जा तिले!" आबा म्हणाले आणि पुन्हा उपाशी उठले.

बायकोला घेऊन स्टेशनाकडे जाताना बैलगाडीत गिरधर विचार करत होता. आपल्या विद्येने आपलाच जीव वाचला, पण ती वापरली दुसऱ्याच कुणी, आणि तीही न शिकता! हे कसं, या विचारात तो जरा वेळ गप्प राहिला.

तेवढ्यात शेजारी काहीतरी हललं. तानुबाईने मूठ वळून हात उगारला होता.

"बोलतोय, बोलतोय," गिरधर घाईघाईने म्हणाला.