नानांचा इन्स्टावरचा पाहुणा

समोरच्याचं गाव विचारल्याशिवाय आमच्या शेजारच्या नानांना चैन पडत नाही. "कोनता गावना? कोना पोऱ्या?" गॅस सिलिंडर आणणारा असो की दातांचा डॉक्टर, नाना त्याच्याशी नातं लावणारच. मूळचे साक्रीकडचे, रेल्वेत गार्ड होते, निवृत्त होऊन भुसावळातच राहिले. काकू वारल्या, मुलगा-सून सुरतेला, म्हणून घरात एकटेच.

नात पूर्वा धुळ्यात होस्टेलवर राहून अकरावी करते. ती इन्स्टाग्रामवर असते असं कळल्यावर नानांनीही खातं उघडलं. तिच्या फोटोखाली मुलं बदाम टाकत, की लगेच नाना खाली विचारत, गाव कोणतं, वडील काय करतात. मैत्रिणी हसून लोळायच्या. पूर्वाने हात जोडून विनवलं, पण नानांचं म्हणणं, विचारण्यात वाईट काय.

बहुतेक मुलं पळून गेली. एकाने मात्र नीट उत्तर दिलं. म्हणे शिंदखेड्याकडचा, पाटलांचा. नानांनी त्याला चहा संपायच्या आत मावशीच्या सासरचा ठरवला आणि मला हाक मारून त्याचा फोटो दाखवला. पोरगा देखणा होता. मग रोजच दोघांचं लिहिणं सुरू झालं.

मागच्या आठवड्यात पूर्वाचा नानांना फोन आला. मी तिथेच होतो. फोन स्पीकरवर होता. क्लास सुटला की कोणी एक तिशीचा माणूस बाहेर उभा असतो. तिचं होस्टेल, क्लासची वेळ, भुसावळला यायची बस, सगळं त्याला ठाऊक. पप्पांना सांगू नका, ते शिक्षण सोडवून सुरतेला नेतील, असं ती परत परत म्हणत होती.

फोन ठेवून नानांनी त्या पोराशी झालेलं सगळं लिहिणं मला उघडून दाखवलं. ही सगळी माहिती त्यांनीच इन्स्टावरच्या त्या पाहुण्याला पुरवली होती. फोटो दुसऱ्याच कोणाचा असणार.

आम्ही तडक धुळ्याची बस पकडली. वाटेत नानांनी एकाही प्रवाशाला गाव विचारलं नाही.

पूर्वाला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारबाई समजूतदार होत्या, पण मुलगी लहान आहे, वडिलांना कळवावंच लागेल म्हणाल्या. मग त्यांनी नानांना विचारलं, न पाहिलेल्या माणसाला एवढं सगळं सांगितलंच कसं?

"तो रोज माले विचारे, नाना, जेवनात का?" नाना म्हणाले. "दुसरं कोन विचारस?"

पूर्वा इतका वेळ दाराकडे नजर लावून बसली होती. कोणी आत आलं की दचकायची. हे ऐकून ती उठली आणि हवालदारबाईंजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मॅडम, माहिती मीच दिली असं लिहा ना. नाहीतर पप्पा नानांचा फोन काढून घेतील."