न हलणाऱ्या डब्यातली खिडकी

जागा मिळणे आणि कुठेतरी पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांतली पहिलीच महत्त्वाची आहे, हे सत्य आमच्या कोल्हापूर जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला उमगलेले नाही. आमच्याकडे जागा रुमालाने धरतात. एसटी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतो आणि ती जागा रुमालवाल्याची होते. टोपी, पिशवी, छत्रीही चालते. गडहिंग्लजच्या स्टँडवर मी जिवंत कोंबडीही ग्राह्य धरलेली पाहिली आहे (तिथे वाद झाला नाही). या कायद्याला ना पुस्तक, ना शिक्का, तरी तो मोडायची कोणाची छाती होत नाही. मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. राज्यघटनेबद्दल मला इतक्या खात्रीने बोलता येणार नाही.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीची एकदिवसीय सहल वाफेच्या रेल्वेच्या संग्रहालयाला गेली. माणसे बेचाळीस. आयोजक बाळासो (शिट्टी त्यांच्याकडे होती). उद्देश, ऐतिहासिक जाणीव वाढवणे. कार्यक्रमपत्रिकेत नाश्ता दोनदा, जेवण एकदा आणि इतिहास पाऊण तास होता.

बेचाळिसांपैकी एकेचाळीस जण का आले, ते सांगणे अवघड आहे. धोंडुबाईंचे मात्र सांगता येते, कारण त्यांनी बसमध्ये ते तीनदा सांगितले. त्यांचे मालक आकाराम इंजिनात कोळसा टाकत. पासावर धोंडुबाई वर्षातून एकदा माहेरी जात, पण कायम दाराशी, ट्रंकेवर बसून. "एकडाव तुला इंजान दिसंल अशा खिडकीत बशिवतो," असे मालक म्हणायचे. पुढे वाफेची इंजिने गेली, पाठोपाठ मालकही गेले.

"त्या खिडकीत बसायलाच आलोय मी," धोंडुबाई म्हणाल्या. सगळ्या बसला गहिवरून आले. दोघांनी डोळेही पुसले (रुमालानेच).

संग्रहालयाच्या पटांगणात एक काळे इंजिन आणि मागे लाकडी बाकांचा एक डबा उभा होता. इंजिनापुढे वीस फुटांवर रूळ संपले होते आणि तिथून भोपळ्याचा वेल सुरू होत होता. "हा डबा छत्तीस वर्षांत जागचा हललेला नाही," इरावती नावाच्या मार्गदर्शक मुलीने सांगायला सुरुवात केली. तिचे दुसरे वाक्य यायच्या आत सत्तावीस रुमाल गजांतून आत पडले होते.

इंजिन दिसणारी खिडकी एकच होती. ती मी धरली, हे नम्रपणे नमूद करतो.

आता उठून संग्रहालय पाहावे, तर जागा जाते. तेव्हा इतिहासाची जबाबदारी इरावतीवर सोपवून मंडळी बसून राहिली. मधल्या बाकावर थोडी कुरबूर झाली. "सरका की वाईच, चौघांचं बाक हाय," एक म्हणाला. "गाडी सुटू दे, मग बघू," दुसरा म्हणाला. हा तोडगा बाळासोंसकट सर्वांना पटला.

धोंडुबाई गुडघ्यांमुळे सगळ्यांत शेवटी चढल्या आणि माझ्याजवळ येऊन थांबल्या.

"मास्तर, कुठं उतरनार?"

प्रश्न नियमाला धरून होता. बसलेला उतरला, की विचारणाऱ्याचा नंबर लागतो. मीही नियमाला धरून उत्तर दिले.

"मिरज."

"मग हाय मी हुबी," त्या म्हणाल्या आणि त्यांनी वरची दांडी धरली.

पुढचा पाऊण तास मी इंजिन पाहिले. इंजिन चांगले होते. मग बाहेर चहा-भजी आल्याची वर्दी आली, तेव्हा जागेवर रुमाल ठेवून मी उतरलो. डबाच रिकामा झाला. चहापाठोपाठ गप्पा रंगल्या आणि संग्रहालय पाहायचे राहून गेले (सहल यशस्वी झाल्याचा ठराव मात्र तिथेच झाला).

पाच वाजता बाळासोंनी शिट्टी मारून माणसे मोजली. एकेचाळीस. पुन्हा मोजली. एकेचाळीसच. मी धोंडुबाईंना शोधायला धावलो, असे लिहायला मला आवडले असते. मी रुमाल आणायला गेलो.

रिकाम्या डब्यात धोंडुबाई दांडी धरून उभ्या होत्या.

"अहो, बसला का नाही?"

"तुमचा रुमाल हाय न्हवं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी साधेपणाने विचारले, "मिरज आली व्हय?"

मी रुमाल उचलला. लाज वाटली. कायदा पाळल्याची लाज वाटायची ही माझी पहिलीच वेळ. धोंडुबाई बसल्या, एक हात गजावर ठेवून इंजिनाकडे पाहू लागल्या. दाराशी रखवालदार कुलूप घेऊन उभा होता. मी रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तेवढा वेळ त्यांना खिडकी मिळाली.

तुम्ही हे बसूनच वाचत असाल. तुमची गाडी हलते की नाही, ते तुमचे तुम्हाला ठाऊक. पण तुमच्या बाकाजवळही कोणीतरी दांडी धरून उभे असेल, आणि कुठे उतरणार म्हणून त्याने कधीतरी विचारलेही असेल. तुम्ही कुठले स्टेशन सांगितलेत?