साळुंकेबापूंच्या तालमी

जुन्या इंदुरातल्या आमच्या गल्लीत एके काळी रोज संध्याकाळी एक धडधाकट, डोळस माणूस डोळ्यांवर दुपदरी पंचा बांधून घराबाहेर पडायचा आणि भिंतीला हात लावत, पाय घासत कोपऱ्यावरच्या कचोरीवाल्यापर्यंत जाऊन परत यायचा. वाटेत कुणी सायकल लावलेली असली की ती पाडायचा, कुत्रं झोपलेलं असलं की त्याच्यावर पाय द्यायचा, आणि दोघांचीही सारख्याच अदबीने माफी मागायचा. हे आमचे शेजारी साळुंकेबापू. मिल बंद झाल्यापासून गल्लीत दोघातिघांच्या डोक्यावर परिणाम झाला होता. बापूंचाही नंबर लागला, असं लोक धरून चालले होते.

मला मात्र ठाऊक होतं की बापू तालीम करताहेत.

बापूंचं म्हणणं असं, की संकट हे येणारच. मग ते आल्यावर धांदल करण्यापेक्षा आधीच एकदा करून बघावं. ते मला नेहमी आपल्या इंदुरी बोलीत सांगायचे, "देखो पवारजी, मुसीबत काही बोलून नाही येत. मग अपनी तालीम तरी पैले झालेली पायजे ना भिया."

मिल बंद पडणार अशी कुणकुण लागली तेव्हा त्यांनी बेकारीची तालीम केली होती. सुट्टीच्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला डबा घेऊन निघायचे, मिलच्या गेटपर्यंत चालत जायचे, चौकीदाराला रामराम करायचे आणि आत न जाता परत यायचे. मग दिवसभर पलंगावर बसून छताकडे बघायचे. त्यांची बायको तेव्हा होती. ती त्या दिवशी बिनसाखरेचा चहा द्यायची, तोही तालमीचाच भाग. बरोबरीचे कामगार हसायचे. पुढे एका सकाळी गेटला खरोखरच कुलूप दिसलं. सगळे गेट धरून ओरडत होते, काही रडत होते, आणि बापू डबा घेऊन शांतपणे माघारी वळले. परतीचा रस्ता त्यांना पाठ होता.

बायको गेली ती मात्र तीन दिवसांच्या तापाने. तालीम करायला वेळच मिळाला नाही. त्यानंतर वर्षभर बापू हरवल्यासारखे झाले होते, आणि त्यातून बाहेर आले ते आणखीच काटेकोर होऊन. घरात ते आणि मुलगी वैशाली, दोघंच राहिले.

मिलमध्ये बापू फोल्डिंग खात्यात होते. विणून आलेलं कापड टेबलावरून सरकत जायचं आणि बापू त्यातली खोट शोधायचे. कुठे धाग्याची तार तुटलेली, कुठे गाठ, कुठे तेलाचा डाग. खोट सापडली की तिथे थानाच्या, म्हणजे कापडाच्या ताग्याच्या, काठाला सुईने लाल दोऱ्याचा तुकडा लावायचा, म्हणजे पुढच्या माणसाला थान न उलगडताच कळतं. बावीस वर्षं हेच केल्यामुळे ती नजर त्यांना घरी ठेवून येता येत नसे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या अनोळखी माणसाची बाही धरून "यहाँ दोन तारा गेल्या आहेत" असं ते सांगायचे. आमच्या घरच्या पडद्याला असे दोन लाल दोरे अजून आहेत.

असल्या बापाच्या पोरीची नजर मात्र अधू. वैशालीला शाळेपासून जाड चष्मा. तो काढला की समोर बाप आहे की कपाट, हे तिला आवाजावरून ठरवावं लागे. पण पोरगी जिद्दीची. पोलीस सब-इन्स्पेक्टरची लेखी परीक्षा तिने पहिल्या झटक्यात काढली. आता मेडिकल राहिली होती, आणि तिथे चष्म्याशिवाय नीट दिसायला हवं होतं.

त्या दिवसांत शहरात रोज काहीतरी नवीन येत होतं. मिलच्या जागेवर काय उभं राहणार याच्या गप्पा होत्या, केबलवर मोजता येणार नाहीत इतकी चॅनेलं होती, आणि डोळ्यांच्या एका दवाखान्यात लेसरचं मशीन आलं होतं. चष्मा कायमचा जातो म्हणे. वैशाली चौकशी करून आली आणि बापासमोर कागद ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही हो म्हणाल तरच करीन. नाही म्हणालात तर ये बात यहीं खतम, पुन्हा विषय नाही काढणार."

ती रागावून म्हणाली असती तर बापूंना सोपं गेलं असतं. तिने अगदी शांतपणे सांगितलं आणि सगळं ओझं त्यांच्या डोक्यावर आलं. दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांवर पंचा चढला.

गल्लीला हसायला निमित्तच मिळालं. ऑपरेशन पोरीचं आणि पट्टी बापाला! मीही एकदा थट्टेने विचारलं, तर बापू पंच्याआडूनच म्हणाले, "पवारजी, उद्या तिच्या डोळ्यांचं काही उलटंसुलटं झालं, तर तिला आंधळेपण शिकवणार कोण? तुम्हाला येतं?"

मला येत नव्हतं.

"मग? म्हणून मी शिकून ठेवतोय."

त्यांनी मला घरात नेलं. उंबरा, फळीचा टोकदार कोपरा, पाणी तापवायचा बंब, मोरीची निसरडी पायरी, जिथे जिथे धोका तिथे त्यांनी हाताला लागेल अशा बेताने लाल दोरे बांधले होते. उंबऱ्याचा दोरा चौकटीवर होता. त्याला बोट लागलं की पाय वर उचलायचा. बापूंनी डोळे झाकूनच मला सगळं घर दाखवलं, चहा केला आणि एक थेंब न सांडता कपात ओतला. मग म्हणाले, "आता तुम्ही करून बघा."

मी मुळात घाबरट माणूस आहे. वीज मंडळाच्या ऑफिसात साहेबाने नुसतं नावाने बोलावलं तरी मी आधी टेबल आवरायला घेतो. पण नाही म्हणायचीही भीती वाटली. बापूंनी पंचा घट्ट बांधला, मला गल्लीत उभं केलं आणि म्हणाले, "कचोरीवाल्यापर्यंत. बस."

मी सहा पावलं चाललो असेन. रोजची गल्ली, जन्म काढलेली, पण भिंत हाताला लागेना. मागून स्कूटर आली, ती नेमकी माझ्याच अंगावर येते आहे असं वाटलं. मी हाक मारली तर माझाच आवाज मला परका वाटला. मी पंचा ओरबाडून काढला तेव्हा कपाळ घामाने भिजलं होतं. बापू माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते, पहिल्यापासून तिथेच होते.

"लागली ना भीती?" ते हळूच म्हणाले. "मला रोज लागते."

त्या दिवसानंतर मी बापूंना हसलो नाही.

सहा आठवडे झाले तरी बापूंचा हो नाही की नाही नाही. शेवटी डॉक्टरला भेटायचं ठरलं. शिकलेला माणूस सोबत हवा म्हणून मला नेलं. डॉक्टर तरुण, मराठी घरचा, पण बोलणं निम्मं हिंदीत. बापूंनी बसल्या बसल्या विचारलं, "डॉक्टरसाब, हजारात खोट किती निघते?"

"काका, बहुत रेअर है."

"म्हणजे निघते."

"निघते, पण अगदी रेअर. चिंता मत करो."

"बावीस वर्षं मी रेअरच बघत होतो, साहेब. त्याचाच पगार होता मला."

डॉक्टरने विषय बदलायला म्हणून संमतीचा फॉर्म मागितला, जो आधी घरी वाचायला दिला होता. बापूंनी पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. वैशालीने कपाळाला हात लावला. फॉर्मच्या कडेला सात ठिकाणी सुईने ओवलेले लाल दोरे लोंबत होते.

डॉक्टरने फॉर्म उचलून उलटसुलट पाहिला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. बापूंनी समजावलं, "जिथे खोट दिसली तिथे लावलाय."

डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली, खणातून लहान कात्री काढली आणि पहिल्या दोऱ्यावर बोट ठेवलं. डोळे कोरडे पडतील. "पडतात. थेंब घालायचे, काही महिन्यांत जातं." कात्री चालली. दिव्याभोवती वलयं दिसतील. "सुरुवातीला दिसतील, मग कमी होतात." दुसरा दोरा गेला. असं एकेक करत त्याने सहा दोरे कापले. बाहेर पेशंट खोळंबले होते, पण त्याने घाई केली नाही.

सातवा दोरा ज्या ओळीला होता तिथे लिहिलं होतं की क्वचित प्रसंगी दृष्टी जाऊ शकते. डॉक्टरने कात्री उघडली, तशीच धरली आणि मग टेबलावर ठेवून दिली.

"काका, हा नाही कापता येणार माझ्याच्याने. मी पूर्ण काळजी घेईन. पण हा राहणार."

मला वाटलं, झालं, संपलं. मी तर उठायच्या तयारीने खुर्ची मागे सरकवली. वैशाली बापाकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बापूंनी त्या एका दोऱ्यावरून बोट फिरवलं. मग खिसे चाचपत म्हणाले, "पेन द्या."

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांना विचारलं, हे कसं काय झालं?

"सहा कापले तेव्हा घाबरलो होतो भिया, की हा सातवाही कापतो का काय. कापला असता तर पोरीला हाताला धरून घरी घेऊन आलो असतो. खोट लपवणाऱ्याच्या हातात माल द्यायचा नाही." एवढं बोलून त्यांनी कठडा धरला आणि एकेक पायरी मोजत उतरले.

ऑपरेशनच्या दिवशी बापू बाहेरच्या बाकावर डोळे गच्च मिटून बसले. "आत तिला उघडे ठेवायला लागतायत," म्हणाले, "मी मिटून धरतो." मला ते वेडेपणाचं वाटलं आणि थोड्या वेळाने मीही मिटले.

वैशाली घरी आली ती डोळ्यांवर झाकणं लावून. त्या संध्याकाळी ती लाल दोरे चाचपत घरभर फिरली, कुठे अडखळली नाही. बापू तिच्या मागे हातभर अंतर ठेवून चालत होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात झाकणं काढली. तिने भिंतीवरची अक्षरं वाचली, खिडकीबाहेरच्या दुकानाची पाटी वाचली, मग बापाकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या कॉलरची एक तार निघालीय."

बापूंनी कॉलर चाचपली. "खोट दिसली तिला," ते मला म्हणाले. दोनदा म्हणाले. मग काहीतरी विसरल्याचं निमित्त करून बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढे वैशाली मेडिकल पास झाली. ट्रेनिंगची चिठ्ठी आली. ट्रेनिंग वर्षभराचं, परगावी, आणि नंतर सरकार पाठवील तिथे नोकरी. गल्लीने पेढे खाल्ले. बापूंनी आग्रहाने वाटले.

ती निघाली त्या सकाळी बस स्टँडवर मीच सोबत होतो. तिने वाकून नमस्कार केला, खिडकीतून शेव आणि लोणच्याच्या पुड्या घेतल्या आणि बस बरीच दूर गेल्यावरसुद्धा मागे वळून हात हलवला. एवढ्या लांबून तिला आम्ही स्पष्ट दिसत असणार, हे माझ्या ध्यानात आलं. बापूंच्याही आलं असावं, कारण ते ताठ उभं राहून हसत होते.

आम्ही परत आलो. सहा आठवडे जो उंबरा त्यांनी डोळे बांधून ओलांडला होता, त्याच उंबऱ्याला त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी त्यांना ठेच लागली. ते तिथेच बसले. अंगठा दाबून धरला होता, पण बघत होते आत, रिकाम्या खोलीकडे.

"पवारजी," ते म्हणाले, "ती आंधळी झाली तर काय, याची तालीम केली. नापास झाली तर काय, याचीपण मनात करून ठेवली होती. सगळं नीट होऊन ती निघून जाईल, याची करायची राहिली."

मी शेजारी बसलो. म्हटलं, "बापू, आज जेवायला आमच्याकडे या."

त्यांनी मान हलवली. "उद्या येतो. आज एकट्याने जेवून बघतो."