मार्थाकाकूंसाठी बँड

सॅम्युएलकाका गाऊ लागले की दौंडच्या आमच्या रेल्वे कॉलनीत लोक रेडिओ बंद करत. आदर म्हणून नव्हे; रेडिओ ऐकूच येत नसे. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आवाज असा, की नोकरीत शिट्टीची गरज पडली नसावी. सुराशी मात्र कधी ओळख झाली नाही. चर्चमध्ये ते सगळ्यांच्या एक ओळ पुढे धावत. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी, मार्थाकाकू, गोड गळ्याच्या. त्या बाही ओढून त्यांना मागे आणत. कोणी टोकलं तर काका म्हणत, "सूर माणसांसाठी वो. प्रभूला आवाज पुरतो."

एका उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापाने काकू गेल्या. आम्ही धावत गेलो, तर काका कोट चढवून एसटीडी बूथकडे निघालेले. शिरूरच्या रज्जाकभाईंचा लग्नाचा बँड बोलवायचा होता म्हणे. चर्चच्या पाळकसाहेबांनी हळूच विचारलं, लोक काय म्हणतील?

"मार्था प्रभूच्या घरी चाललीय," काका म्हणाले. "तिला काय चोरून पाठवू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी जीप भरून बँड आला. लाल कोट, सोनेरी झालरी, आणि त्यांना येणाऱ्या झाडून सगळ्या चाली वरातीच्या. रज्जाकभाई भला माणूस. म्हणाले, तुमचं गाणं एकदा ऐकवा, आम्ही उचलतो. ऐकवणार कोण? अर्थात काका. पाळकसाहेबांनी डोळेच मिटून घेतले. काकांनी अंगणात उभं राहून तासभर पुनरुत्थानाचं गीत शिकवलं आणि त्या गुणी वाजवणाऱ्यांनी ते हुबेहूब उचललं, एकेका चुकीसकट.

शवपेटी उचलली. गायकमंडळींनी पहिली ओळ खऱ्या चालीत धरून पाहिली, पण दोन ट्रम्पेट आणि ढोलापुढे कोणाचं काय चालणार? बाजारपेठ येईपर्यंत सगळे काकांच्या चालीत गात होते. कधी चर्चची पायरी न चढलेली माझी आईसुद्धा गुणगुणत होती. दुकानदार उठून उभे राहिले. इतक्या मानाने कोणाला निरोप दिलेला मी दौंडात पाहिला नाही. सगळ्यांपुढे काका, छाती काढून गात होते.

दफनभूमीत माती देऊन झाली आणि गाता गाता काका थांबले. बँड वाजतच होता. काका मटकन खाली बसले.

"सारं दौंड माझ्या चालीत गायलं," ते म्हणाले, "आन् ही ऐकायला न्हाई."

आणि रडले. गात तसेच, मोकळ्या गळ्याने. आम्हा कोणाला त्यांच्याकडे बघवेना. रज्जाकभाईंनी हात वर करून वादन थांबवलं. शेजारी बसून विचारलं, "काका, बास करू का आता?"

काकांनी कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"बास कशापायी, भाई? मी भेटनार हाय तिला, ते पक्कं हाय. तवर एकट्यानं ऱ्हायचंय, तेवढंच जड जातंय." मग रज्जाकभाईंच्या खांद्याचा आधार घेऊन ते उठले. "वाजवा. पयल्यापासनं."

बँड पुन्हा सुरू झाला. आम्हीही सगळ्यांनी आवाज लावला. आईनेसुद्धा, एकही शब्द येत नसताना.