काटकोजीचा फोटो

एका जंगलात, जिथे वाघालाही आताशा कुणी रामराम घालत नसे, हुप्पेराव नावाचं वानर राहत असे. एका पाहुण्याच्या गळ्यातला कॅमेरा त्याने हिसकावून आणला होता. हसू नका रे, कलेची सुरुवात अशीच होते. त्या कॅमेऱ्याचं भिंग असं जबर, की मुंगीची मिशी घोड्याच्या शेपटीएवढी दिसायची.

हुप्पेराव फोटो काढायचा ते फक्त किड्यांचे. तेही सकाळच्या कोवळ्या उन्हात. "फ्लॅश मारणं म्हणजे किड्याच्या थोबाडीत मारणं," असं तो म्हणे. काढलेले फोटो वडाच्या पारंब्यांना लटकवत असे. मग काय विचारता! जन्मभर पानाआड दडून राहणारे किडे पहाटेच उठून, अंगावर दव घेऊन, उघड्यावर येऊन बसू लागले. शेणकिडासुद्धा शेण सोडून कमळावर जाऊन बसला.

राहिला फक्त काटकोजी.

काटकोजी हा काडीकिडा. दिसायला हुबेहूब वाळकी काडी. त्याच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी पाखराच्या पोटात गेलं नव्हतं, कारण कुणी कुणाला दिसलंच नव्हतं. त्याच्या चुलत्याने तर लग्नाच्या गडबडीत खऱ्याच काडीच्या गळ्यात माळ घातली. संसार सुखाचा झाला. बायको एका शब्दाने उलट बोलली नाही!

पण आपल्याकडे कुणी बघत नाही, हे काटकोजीच्या मनाला फार लागे. तो हुप्पेरावाकडे गेला.

"साहेब, माझाही एक फोटो काढा."

"काढतो की. कुठे आहेस?"

"हा काय, तुमच्या नाकासमोर!"

हुप्पेरावाने अंदाजाने खटका दाबला. फोटो पारंबीवर लागला. माशी म्हणाली, "काडी झकास आलीय हं."

दुसऱ्या दिवशी काटकोजी पुढचे दोन्ही पाय हलवत उभा राहिला. फोटोत नुसतं धुकं आलं. हुप्पेराव खेकसला, "अरे, हलायचं नसतं!" आता सांगा, स्थिर राहावं तर काडी, हलावं तर धुकं. इकडे आड, तिकडे विहीर. काटकोजी रडकुंडीला आला.

"असं कर, उद्या पळसाच्या लाल फुलावर बस," हुप्पेराव म्हणाला. "मागे लाल, वर ऊन. आंधळ्यालाही दिसशील."

घरी बायको डहाळी कळवळली. "अहो, आंधळ्याचं राहू द्या. त्या झाडावर कोतवाल पक्षी बसतो, त्याचं काय? मला दिसता ना तुम्ही? पुरे झालं की."

"तुला दिसतो? काल दिवसभर तू शेजारच्या फांदीशी बोलत होतीस!"

ते खरंच होतं.

सकाळी काटकोजी पळसावर चढला. ऊन आलं. लाल फुलावर त्याचे पाय, मिशा, डोळे, सगळं लख्ख उमटलं. हुप्पेरावाने आ वासला. "अरे, केवढा देखणा आहेस तू!"

काटकोजीचा ऊर भरून आला. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी पाहिलं होतं. खरं तर दोघांनी पाहिलं होतं. कोतवालाने झडप घातली आणि हुप्पेरावाने खटका दाबला, दोन्ही एकदमच झालं.

फोटो अप्रतिम आला. कोतवालाच्या चोचीवरचा दवाचा थेंबसुद्धा चमकत होता. जंगलच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 'घरट्यासाठी काडी नेणारा कष्टाळू कोतवाल'.

डहाळी फोटोपुढे ऊर बडवून रडली. "अहो, हे माझे धनी आहेत हो! माझे धनी!"

शेणकिड्याने तिची समजूत घातली. "वहिनी, डोळे पुसा आणि नीट बघा. काडी आहे ती."

पलीकडे कोतवाल आदर्श गृहस्थ म्हणून सत्काराचा नारळ घेत होता.

तात्पर्य : मुलांनो, प्रसिद्धीपायी जीव खुशाल द्यावा. फक्त देण्याआधी, फोटोखाली नाव कुणाचं येणार, तेवढं विचारून घ्यावं.