सोन्याच्या काट्यावर सात बदाम

अन्नामुळे माणूस जगतो, असा समज पूर्वी सर्वत्र प्रचलित होता. जळगावच्या दिपमालाने तो जिद्दीने खोडून काढला.

असोद्याच्या बेबाबाईंची ही धाकटी लेक. आधी तिने साखर सोडली, ते बरंच झालं. मग मैदा गेला, तेल गेलं, दूध गेलं, शेवटी दुसऱ्याच्या हातचं सगळंच गेलं. (नवरा भूषण अजून आहे.) तो सराफी पेढीवर कामाला असल्याने घरात सोन्याचा काटा आला आणि त्यावर बदाम तोलले जाऊ लागले. वाण्याच्या काट्याला मिलिग्रॅम कळत नाहीत, त्यामुळे आरोग्याला धोका संभवतो.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, लेक माहेरी आली ती काटा, स्वतःचं पाणी आणि सात बदाम घेऊन. बेबाबाईंनी पहाटे उठून खापरावर पुरणाचे मांडे केले होते. हीच पोर एकेकाळी आमरसाशी दोन मांडे संपवून झोक्यावर पळायची. आता तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या.

"एक घास खाय व माय."

"तूप कुठलंय, आई?"

"आपल्या गायीचं."

"गायीने काय खाल्लं होतं?"

"मले इचारून नाई खाल्लं तिनं!"

बदामांपैकी चार खाऊन दिपमाला उठली आणि ओट्यावरच कोसळली.

डॉक्टरांनी सांगितलं, "शरीराची उपासमार झालीय. थोडं थोडं जेवण सुरू करा. आणि ही जेवणाची भीती घालवायला मनाच्या डॉक्टरांकडेही जा." दिपमालाने सलाईनच्या बाटलीवर साखरेचं प्रमाण वाचायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी बेबाबाईंनी मऊ वरणभात कालवला. तासभर विनवण्या केल्यावर लेकीने घास उचलला. तेवढ्यात गल्लीतल्या बाया भेटीला आल्या. एकूण अकरा. पैकी 'कशी आहेस' विचारणाऱ्या दोन, 'कसं जमवलंस' विचारणाऱ्या नऊ.

"कंबर पाह्य व हिची! किती किलो उतरले?"

"बायाहो, आधी तिले जेवू द्या," बेबाबाई म्हणाल्या.

तोंडाजवळ आलेला घास दिपमालाने खाली ठेवला. कित्येक महिन्यांनंतर तिच्या चेहऱ्यावर तेज आलं. तिने आकडा सांगितला. बायांनी टाळ्या वाजवल्या. बेबाबाई भाताकडे पाहत राहिल्या.

तो आकडा इथे दिलेला नाही. वाचकांनी वरच्या मजकुरात तो पुन्हा शोधू नये.